दिवाळीतील किल्ला

दिवाळीतील किल्ला म्हणजे दिवाळीच्या दिवसांत, मुख्यतः मुलांनी, घराच्या अंगणात, परसात, गल्लीच्या कोपऱ्यात किंवा इमारतीच्या आवारात माती, दगड व विटा यांपासून उभारलेली डोंगरी किल्ल्याची प्रतिकृती होय. या प्रतिकृतीवर छत्रपती शिवाजी महाराज, मावळे, तोफा, प्राणी आणि ग्रामजीवनातील माणसे यांची रंगवलेली लहान चित्रे मांडली जातात. ही प्रथा पुणे, सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत, मुंबई परिसरात, तसेच बेळगाव, निपाणी अशा सीमाभागातील मराठी वस्तीत विशेष रुजलेली आहे. कोल्हापुरात घरगुती किल्ल्यांच्या जोडीला पेठांतील तालमी व तरुण मंडळे मोठे किल्ले उभारतात.

शब्दयोजना

बोलीत या प्रतिकृतीला नुसते 'किल्ला' म्हणतात. तो तयार करण्याच्या क्रियेला 'किल्ला करणे' किंवा 'किल्ला बांधणे' असे शब्द रूढ आहेत. त्यावर मांडायच्या मूर्तींना पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी 'चित्रे' म्हणतात. येथे चित्र या शब्दाचा अर्थ कागदावरील चित्र असा नसून मातीची रंगीत लहान मूर्ती असा आहे. सैनिकाच्या चित्राला 'मावळा' हे नाव सरसकट वापरले जाते. मग तो भालदार असो, तोफेजवळचा गोलंदाज असो किंवा तुतारी वाजविणारा असो.

किल्ल्याच्या भागांची नावेही प्रत्यक्ष दुर्गशास्त्रातून आलेली आहेत. तट, बुरूज, माची, बालेकिल्ला, खंदक, टाके, सदर, अंबरखाना, पागा, नगारखाना, देवडी, दिंडी दरवाजा आणि चोरदरवाजा हे शब्द अनेक मुलांना पाठ्यपुस्तकाच्या आधी अंगणातील मातीत भेटतात. तटाच्या माथ्यावरील पाकळीसारख्या दगडांना चर्या आणि शत्रूवर मारा करण्यासाठी ठेवलेल्या तिरप्या छिद्रांना जंग्या म्हणतात. काडीने ओल्या तटाला भोके पाडणाऱ्या मुलाला या जंग्या आतून रुंद व बाहेरून अरुंद का असतात हे सहज समजते : आतल्याला नेम धरायला जागा मिळते आणि बाहेरच्याला आत मारा करता येत नाही.

काळ

शाळांची पहिल्या सत्राची परीक्षा संपून सुट्टी लागली की किल्ल्याचे काम सुरू होते. वसुबारसेपर्यंत, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीपर्यंत, तो पुरा करण्याची धडपड असते. नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज या दिवशी संध्याकाळी त्यावर पणत्या लावतात. काही घरी तो भाऊबिजेनंतर मोडतात, तर काही घरी तुळशीच्या लग्नापर्यंत राखतात. शेवटच्या दिवशी फटाके लावून किल्ला उडविण्याची पद्धतही काही ठिकाणी आढळते. ज्या गडाच्या रक्षणाची कथा सांगायची तोच आपल्या हाताने उडवू नये, असे मानणारे लोक या पद्धतीला विरोध करतात. त्यांच्याकडे चित्रे उचलून कागदात गुंडाळून ठेवतात आणि माती कुंड्यांत किंवा परसात पसरतात.

रचना व साहित्य

किल्ल्याचा गाभा दगड, विटांचे तुकडे, जुनी खोकी किंवा पालथ्या टोपल्या यांचा असतो. या गाभ्यावर पातळ चिखलात बुडविलेली गोणपाटे पसरतात. गोणपाटाच्या पडलेल्या घड्या हेच डोंगराचे कडे व घळी होतात. त्यावर चाळलेल्या मातीचा गिलावा हाताने चढवितात. गोणपाटामुळे आत पोकळी राहूनही वरचा थर टिकतो, माती कमी लागते आणि गुहा किंवा भुयार ठेवणे सोपे जाते.

मातीची निवड महत्त्वाची असते. पंचगंगेच्या खोऱ्यातील काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. त्यामुळे नुसत्या काळ्या मातीचा किल्ला दोन दिवसांत भेगाळतो. तीत वाळू, लाकडाचा भुसा, चिरलेले गवत किंवा शेण मिसळले की भेगा कमी पडतात. तांबडी माती तुलनेने कमी आकसते आणि तिचा रंगही डोंगराला शोभतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी आत काळी व वर तांबडी माती लावतात. गिलावा एकदम जाड न चढविता पातळ थरांत चढविणे आणि सावलीत वाळविणे हा अनुभवाने आलेला नियम आहे.

तट व बुरूज डोंगराचा चिखल थोडा आवळल्यावर बसवितात. बुरुजासाठी डबा किंवा पेला साचा म्हणून वापरतात. पायऱ्यांसाठी काडेपेट्या, फरशीचे तुकडे किंवा चपटे खडे उपयोगी पडतात. वाटा चुन्याने किंवा बारीक वाळूने आखतात, तटावर गेरूचा हात फिरवितात आणि शेतांसाठी रंगविलेला भुसा पसरतात.

डोंगर हिरवा करण्यासाठी अळीव किंवा मोहरी पेरतात. अळिवाचे बी भिजले की त्याभोवती चिकट आवरण तयार होते. त्यामुळे ते उतारावरून घसरत नाही आणि मातीला धरून राहते. उभ्या कड्यासाठी मोहरीपेक्षा अळीव बरे पडते ते यामुळेच. दोन-तीन दिवसांत कोंब फुटतात आणि साधारण आठवड्यात हिरवळ दाटते. म्हणून पेरणी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी व्हावी लागते. पाणी ओतले तर माती वाहून जाते. ते हाताने शिंपडावे लागते.

किल्ल्यावरील कारंजे हा मुलांचा आवडता भाग होय. दवाखान्यातील वापरून झालेल्या सलाईनच्या नळ्या यासाठी पूर्वी सर्रास वापरल्या जात. आरोग्याच्या दृष्टीने आता दुकानात मिळणारी नवी नळी वापरणे योग्य समजले जाते. पाण्याचा डबा भिंतीवर उंच ठेवून नळीचे दुसरे टोक मातीखालून तळ्यात आणले की पाणी उसळते. मात्र ही धार डब्यातील पाण्याच्या पातळीपेक्षा वर कधीच जात नाही. डबा जसजसा रिकामा होतो तसतशी पातळी उतरते आणि कारंजेही खाली येते.

चित्रे : घडण व रंगकाम

चित्रे शाडूची किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसची असतात. कोल्हापुरात शाहूपुरीतील कुंभार गल्ली, बापट कॅम्प आणि गंगावेश हे भाग गणेशमूर्तींच्या कामासाठी ओळखले जातात. गणेशोत्सव व नवरात्र यांच्या पाठोपाठ दिवाळीची चित्रे येतात, त्यामुळे मूर्तिकामाचा हंगाम काही आठवडे लांबतो. पुण्यात कसबा पेठेतील कुंभारवाडा अशा चित्रांसाठी प्रसिद्ध आहे.

चित्र बहुधा दोन भागांच्या साच्यात काढतात. शाडूचे चित्र करताना दोन्ही अर्ध्यांत मळलेली माती बोटांनी दाबून बसवितात, कडांना पातळ शाडू लावून अर्धे जोडतात आणि माती थोडी आवळली की साचा उघडतात. सांध्यावर उरलेली रेघ कोरणीने तासून ओल्या बोटाने पुसतात. प्लास्टरचे मिश्रण साच्यात ओतले की थोड्याच वेळात घट्ट होते. म्हणून या पद्धतीने एका दिवसात पुष्कळ चित्रे निघतात. शाडूचे चित्र सावलीत सावकाश वाळवावे लागते. उन्हात ठेवल्यास तलवार, भाला किंवा घोड्याचा पाय असे बारीक भाग आधी सुकून तडकतात. याच कारणाने भाला पुष्कळदा मातीचा न करता काडीचा किंवा तारेचा लावतात आणि घोड्याच्या पोटाखाली आधाराचा खांब ठेवतात.

रंगकामाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम सर्वांगावर पांढरा हात देतात, त्यामुळे मातीची ओढ कमी होते आणि वरचे रंग उजळ दिसतात. नंतर अंगवर्ण, मग अंगरखा, शेला व पागोटे, त्यानंतर शस्त्रे व दागिने, आणि अगदी शेवटी भुवया, मिशा व डोळे. डोळ्यांच्या रेखाटनाला मूर्तिकामात आखणी म्हणतात. ही आखणी कसलेल्या हाताकडे दिली जाते, कारण दोन सेंटिमीटरांच्या चेहऱ्यावर बुबुळ केसभर सरकले तरी शूर मावळा घाबरलेला दिसू लागतो. पूर्वी भुकटीचे रंग डिंकात किंवा खळीत कालवीत. आता तयार पाणरंग, अॅक्रिलिक रंग आणि फवारणीचे यंत्र यांचा वापर होतो.

चित्रांचे विषय परंपरेने ठरलेले आहेत : सिंहासनाधिष्ठित व अश्वारूढ शिवाजी महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, भालदार, तुतारीवाले, तोफा, अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग, त्यांच्या जोडीला वाघ, हत्ती, बैलगाडी, शेतकरी, गवळण, भाजीवाली आणि वासुदेव. गडावर राज्य असते आणि गडाच्या पायथ्याशी ते राज्य ज्यांच्यासाठी उभे राहिले ती रयत असते. चित्रांच्या मांडणीत ही दोन्ही अंगे दिसतात.

प्रमाणाचा प्रश्न

दिवाळीतील किल्ल्यात माणूस व वास्तू यांचे प्रमाण क्वचितच जुळते. सात सेंटिमीटर उंचीचा मावळा हा सुमारे १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे प्रतिरूप मानला, तर प्रमाण साधारण एकास चोवीस पडते. पन्हाळ्याच्या तटबंदीचा घेर सुमारे सात किलोमीटर आहे. त्याच प्रमाणात तो करायचा झाल्यास सुमारे २९० मीटर घेराची जागा लागेल. अर्थात अंगणात हे शक्य नसते. म्हणून डोंगर एका प्रमाणात, दरवाजे दुसऱ्या प्रमाणात आणि माणसे तिसऱ्या प्रमाणात करतात. महाराजांची मूर्ती तर इतर सर्वांहून मोठी असते. ही चूक नसून महत्त्वानुसार आकार देण्याची जुनी रीत आहे. जुन्या शिल्पांतही राजा किंवा देवता सेवकांपेक्षा मोठी कोरलेली आढळते. अचूकतेचा आग्रह असणारी मंडळे मात्र संपूर्ण गडाऐवजी एखादाच भाग, उदाहरणार्थ एक दरवाजा व त्याभोवतीचे बुरूज, एकाच प्रमाणात करतात.

कोल्हापूर परिसरातील गड

कोल्हापूरच्या मुलांना प्रतिकृतीचा मूळ नमुना जवळच पाहायला मिळतो. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर पन्हाळा आहे. विशाळगड, गगनगड, भुदरगड, रांगणा, सामानगड आणि पारगड हे गडही जिल्ह्यात आहेत.

पन्हाळा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा मानला जातो. प्रतिकृतीत बहुधा पश्चिमेचा तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी, पुसाटी बुरूज आणि अंबरखान्यातील गंगा, यमुना व सरस्वती ही धान्यकोठारे दाखवितात. पूर्वेकडील चार दरवाजा १८४४ मधील गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पाडला. प्रत्यक्ष गडावर जे उरलेले नाही ते मातीत पुन्हा उभे करता येते. अशा वेळी प्रतिकृती अभ्यासाचे साधन बनते. पन्हाळ्याच्या डोंगराचा माथा तांबड्या जांभ्याचा आणि खालचे थर काळ्या बेसाल्टचे आहेत. म्हणून या गडाच्या प्रतिकृतीत वर तांबडा व खाली काळपट रंग देणे वास्तवाला धरून होते. सर्व डोंगर एकरंगी करणे तसे नव्हे.

सर्वाधिक सादर होणारा प्रसंग १६६० मधील आहे. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेला वेढा सुमारे चार महिने चालला. जुलैच्या पावसात शिवाजी महाराज गडावरून निसटून विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद यांनी महाराजांचा वेष घेऊन शत्रूला चकविले आणि प्राण दिले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी निवडक मावळ्यांसह पाठलाग रोखून धरला व ते तेथे पडले. ती खिंड पुढे पावनखिंड म्हणून ओळखली जाऊ लागली. या प्रसंगाची मांडणी करताना एका टोकाला पन्हाळा, दुसऱ्या टोकाला विशाळगड आणि मध्ये अरुंद खिंड अशी लांबट रचना करतात. खिंड किती अरुंद करायची हा येथे केवळ सजावटीचा प्रश्न राहत नाही. थोडे लोक पुष्कळांना का रोखू शकले याचे उत्तर त्या रुंदीतच आहे : समोरासमोर एका वेळी मोजकेच लढू शकत असल्याने मोठ्या सैन्याचे संख्याबळ निरुपयोगी ठरले.

कोल्हापूर राज्याशी निगडित आणखी एक दुवा रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्र' या राजनीतिपर ग्रंथाचा आहे. त्यात दुर्गांची निवड, बांधणी व राखण यांविषयी तपशीलवार विवेचन आहे. दुर्ग हेच राज्याचे सार ही या ग्रंथाची दृष्टी समजून घेण्यासाठी मुलांच्या मातीच्या किल्ल्याइतके सोपे साधन दुसरे नाही.

जगातील तत्सम परंपरा

लहान मूर्तींची मांडणी करण्याची प्रथा अन्यत्रही आहे. तामिळनाडूत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. कर्नाटकात म्हैसूर भागात अशीच दसऱ्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे. ख्रिस्ती कुटुंबांत नाताळला गव्हाणीचा देखावा करतात.

लढाईच्या छोट्या प्रतिकृतींचा दुसरा प्रवाह युरोपातील युद्धखेळांचा आहे. प्रशियात रायस्विट्स यांनी १८१२ मध्ये भूप्रदेशाचे हलविता येणारे तुकडे वापरून युद्धखेळाचे टेबल राजाला सादर केले. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये त्याची नकाशावर खेळायची सुधारित पद्धत तयार केली आणि ती लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात वापरली गेली. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातील सैनिकांनी खेळायचे नियम दिले. पुढे १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा कल्पित जगातील युद्धाचा खेळ आला. अशा खेळांचा एक प्रकार चकमकीचा असतो : प्रत्येक बाजूला थोडीच चित्रे असतात आणि प्रत्येक चित्राला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व असते. ही चित्रे बहुधा २८ मिलिमीटरांच्या आसपास असतात. ती खेळाडू स्वतः जोडतात, रंगवितात आणि त्यांच्यासाठी टेकड्या, पडके बुरूज व झाडी तयार करतात.

तंत्राच्या दृष्टीने दोन्ही परंपरांत साम्य आहे. आधी पांढरा किंवा काळा हात, मग मुख्य रंग आणि शेवटी डोळे हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. खेळाच्या चित्रांवर पातळ गडद रंग सोडून तो वस्त्राच्या घड्यांत साचू देतात आणि नंतर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग घासतात. या दोन युक्तींनी लहान चित्राला खोली येते. त्या मातीच्या तटालाही लागू पडतात : दगडांच्या सांध्यांत पातळ काळसर रंग आणि कडांवर फिक्या रंगाचा कोरडा हात दिला की नवा तट जुना दिसतो. मूलभूत फरक हेतूचा आहे. युद्धखेळात चित्रे हलतात आणि निकाल फाशांवर ठरतो; दिवाळीच्या किल्ल्यात चित्रे स्थिर असतात आणि निकाल इतिहासाने आधीच दिलेला असतो. तेथे मूल खेळाडू नसून सांगणारे असते. कोणी पाहायला आले की किल्ला करणारी मुले पुढे होऊन गडाची माहिती सांगतात.

स्पर्धा व शैक्षणिक महत्त्व

शाळा, मंडळे, वृत्तपत्रे आणि दुर्गप्रेमी संस्था यांच्या वतीने किल्ले स्पर्धा घेतल्या जातात. परीक्षणात मूळ गडाशी साम्य, नैसर्गिक साहित्याचा वापर, स्वच्छता आणि मुलांनी सांगितलेली माहिती यांना महत्त्व देतात. काल्पनिक किल्ल्यांवर कधी तटाशेजारी मोटारगाड्या, विमाने किंवा आधुनिक सैनिकही दिसतात. लहान मुलांच्या खेळात त्यास हरकत घेतली जात नाही. पण विशिष्ट गडाची प्रतिकृती म्हणून मांडलेल्या किल्ल्यात अशी कालविसंगती दोष मानली जाते.

शिक्षणाच्या दृष्टीने या उपक्रमात इतिहास, भूगोल, विज्ञान आणि हस्तकला एकत्र येतात. समोच्च रेषांचा नकाशा पाहून डोंगर करणारे मूल उंची व उतार हातांनी शिकते. दरवाजा थेट समोर न ठेवता दोन बुरुजांच्या कवेत वळवून का ठेवला, टाकी माथ्यावर का खोदली, धान्यकोठार बालेकिल्ल्यात का, असे प्रश्न पुस्तक वाचताना पडतीलच असे नाही; बांधताना ते टाळता येत नाहीत.

सद्यःस्थिती

शहरांत अंगणे कमी झाली, सदनिकांच्या आवारात फरशी आली आणि माती विकत आणावी लागू लागली. त्यामुळे घरगुती किल्ल्याची जागा काही ठिकाणी सज्जातील पाटावरच्या लहान किल्ल्याने किंवा बाजारात मिळणाऱ्या प्लास्टरच्या तयार किल्ल्याने घेतली आहे. तयार किल्ला दहा मिनिटांत मांडता येतो; पण माती कालविणे, किल्ला ढासळणे, तो पुन्हा बांधणे आणि त्या निमित्ताने शेजारची मुले एकत्र येणे हे सर्व त्यात गळून पडते. थर्माकोल व प्लास्टिकही वाढले असून सणानंतर त्याचा कचरा उरतो.

चित्रांच्या बाबतीत शाडू व प्लास्टर यांचा प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी नैसर्गिक मातीचा आग्रह धरलेला आहे. किल्ल्यावरील चित्रे सहसा विसर्जित करीत नाहीत, ती वर्षानुवर्षे जपली जातात. तरी फुटलेल्या प्लास्टरच्या चित्रांचे पुढे काय करायचे ही अडचण राहतेच. शाडूच्या चित्राला वेळ व कौशल्य अधिक लागते आणि त्यामुळे किंमतही वाढते. साच्यातून भराभर निघणाऱ्या स्वस्त चित्रांपुढे हाताने आखणी करणाऱ्या कारागिराचा निभाव ग्राहकाच्या निवडीवर अवलंबून असतो.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि तामिळनाडूतील जिंजी यांच्यासह पन्हाळ्याचाही समावेश आहे. मूळ गडांचे जतन हे शासनाचे व तज्ज्ञांचे काम असले, तरी गडाविषयीची आपुलकी लहान वयातच तयार व्हावी लागते. स्वतःच्या हाताने तट बांधलेल्या मुलाला खऱ्या तटाचा दगड निखळलेला दिसला, किंवा त्यावर कोणी नाव कोरलेले दिसले, तर ते खटकते. चार दिवस टिकणाऱ्या मातीच्या किल्ल्याचे चारशे वर्षे टिकलेल्या दगडी किल्ल्याशी असलेले नाते हेच आहे.

हेही पाहा

पन्हाळा
पावनखिंड
आज्ञापत्र
शाडू
गोलू